एक जूनची लेकरं

"एकाच आईची पाच लेकरं, आणि पाचही एक जूनला जन्मली?" साहेबांनी रजिस्टरवर पेन आपटलं. "आम्हाला काय खुळं समजता?"

तालुक्याच्या कचेरीत त्या पाचांतल्या एकीच्या, हुसेनबीच्या, जन्मदाखल्याची सुनावणी चालली होती. तिचा बाप विहिरी खणायला बिदरकडून आला आणि इथेच राहिला. ती जन्मली ती याच तालुक्यात, एका शेतातल्या खोपीत. तिथे नोंद कोण करणार? दोन वर्षांपूर्वी तिने रीतसर अर्ज करून दाखला काढला, त्याला पुरावा काय तो शाळेच्या जुन्या प्रवेश-रजिस्टरचा. तो खोटा ठरला तर दाखला रद्द, मतदार यादीतून नाव बाद आणि वर परदेशी म्हणून पोलिसात गुन्हा.

रजिस्टरमधलं अक्षर पंचाक्षरी गुरुजींचं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुरुजी साक्षीसाठी अहमदपूरहून पहिल्या बसने आले होते. त्यांच्या कपाळावरचं भस्म पाहून साहेबांनी लगेच खुर्ची मागवली. हुसेनबी सकाळपासून उभी होती, तिच्यासाठी कुणाला खुर्ची सुचली नव्हती. म्हणून गुरुजीही बसले नाहीत.

"साहेब, आमच्याकडं जन्मतारीख कोण घेऊन येत होतं?" गुरुजी म्हणाले. "बाप लेकराला धरून आणायचा. मी त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचो. पोचला की सहा वर्षं झाली. शाळा जूनात सुरू, म्हणून लिहायचं एक जून."

"म्हणजे नोंद खोटी आहे, हे कबूल?"

गुरुजी पोरीच्या बाजूने बोलायला आले आणि तिच्याच विरोधात साक्ष देऊन बसले.

"हाव, कबूल," ते म्हणाले. "पण एकटीची न्हाई. साऱ्या गावाची."

साहेबांनी त्यातलं 'कबूल' तेवढं लिहून घेतलं.

"शिवाय बाईंची बोलीही इकडची वाटत नाही."

"चौथीपर्यंत गुरुजींकडंच शिकले मी," हुसेनबी म्हणाली. "एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवू का?"

साहेबांना पाढा नको होता. बहुधा येतही नसावा.

शेजारच्या टेबलावर अव्वल कारकून वैजनाथ मान खाली घालून बसला होता. तोही गुरुजींचाच विद्यार्थी, हुसेनबीच्याच वर्गातला. तिची नोटीस त्याच्याच हाताखालून निघाली होती. गुरुजींनी साहेबांपुढचं रजिस्टर उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"वाच. मोठ्यानं."

वैजनाथने आधी साहेबांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. जुनी सवय जिंकली. तो वाचू लागला. "महांतेश माणिकप्पा, एक जून. सिंधु ग्यानोबा, एक जून. हुसेनबी दस्तगीर, एक जून. अमरेश उमाशंकर, एक जून."

आणि थांबला.

"पुढचं वाच की."

पुढचं नाव त्याचं स्वतःचं होतं. त्याच तारखेवर त्याला ही नोकरी लागली होती. त्याने रजिस्टर मिटलं.

"पुरे," साहेब म्हणाले. "बाकीचे सगळे इथलेच आहेत, गुरुजी. त्यांचा प्रश्नच येत नाही."

"इथले कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसतंच ते."

गुरुजींचं टाळकं सरकलं. "दिसतं? बत्तीस वर्षं पोरं शिकवली मी, मला कवा दिसलं न्हाई. एकाच दिवशी, एकाच टाकानं लिहिलेली नावं हायेत ही. एक खोटं असंल तर सारं पान खोटं. फाडा की मग सारं पान."

साहेबांनी पान फाडलं नाही. आदेशावर 'रद्द' असं लिहून सही केली आणि पुढची फाईल मागवली. हुसेनबीची पंचेचाळीस वर्षं निकालात काढायला पाव मिनिटही लागलं नाही.

"मग माझी खरी तारीख कोणती, तेवढी तर लिहून द्या," हुसेनबी म्हणाली. साहेबांनी पुढच्या फाईलची नाडी सोडली.

गुरुजींना तिच्याकडे बघवेना. त्यांनी वैजनाथच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. रागातही अक्षर वळणदारच येत होतं. माझी स्वतःची जन्मतारीखही एक जून असून ती आमच्या गुरुजींनी अंदाजे टाकलेली आहे. माझ्याजवळ दुसरा कोणताही पुरावा नाही. तरी मलाही नोटीस काढून माझी सुनावणी घ्यावी, ही विनंती. खाली त्यांनी सही केली आणि कागद वैजनाथपुढे सरकवला.

"आवकचा शिक्का मार याच्यावर."

वैजनाथने कागद वाचला. साहेबांचं लक्ष नाही असं पाहून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, कशाला असं करायलाव? तुम्हाला कोण काय विचारतंय?"

"मला कुणी काही विचारत न्हाई, हेच लिहून दे," गुरुजी म्हणाले. "शिक्क्यासकट."