हावरटचा पास

"बाहेर," गोलकीपर म्हणाली आणि चेंडू शेजारणीकडे ढकलला.

"बाहेर," शेजारीण म्हणाली. चेंडू पुढे गेला.

ड्रेसिंग रूमच्या सिमेंटच्या जमिनीवर मुलींचा ज्युनिअर हॉकी संघ वर्तुळ करून उभा होता. भांडण झालं की असंच उभं राहायचं, ही सरांनी घालून दिलेली पद्धत. जिच्याकडे चेंडू तिनेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड शिवून घ्यायचं. चेंडू फिरून कॅप्टनच्या स्टिकवर थांबला की निर्णय पक्का. त्यात कॅप्टनने स्वतःची एक भर घातली होती. वर्तुळात जिच्या स्टिकखालून चेंडू निसटेल, ती पुढच्या सामन्याला बाकावर. सभेत डुलक्या काढणाऱ्यांना त्यामुळे चांगलाच वचक बसला होता.

आजचा विषय हावरटचं निलंबन.

हावरट ही संघातली सगळ्यात भारी खेळाडू. तिच्याच जिवावर संघ सेमीफायनलला पोचला होता, आणि सेमीफायनल जेमतेम तासावर आली होती. तिच्यात खोट एकच. ती पास देत नसे. सामना संपल्यावर पंचांना चेंडू परत करायची, तोच काय तो तिचा पास. तोही पंच हात धुऊन मागे लागल्यावर. काल कॅप्टन रिकाम्या गोलसमोर एकटी उभी होती. हात वर करून घसा फोडत होती. हावरटने तिच्याकडे शांतपणे पाहिलं, तिघींना चकवलं आणि स्वतःच गोल मारला. त्या एका गोलवर संघ जिंकला. त्यामुळे तर गुन्हा आणखीच गंभीर झाला.

कॅप्टनचं ज्युनिअरमधलं हे शेवटचं वर्ष. नावावर एकही गोल नाही. तिचे बाबा दर सामन्याला कॅमेरा घेऊन यायचे. घरात बैठकीच्या खोलीत सगळीकडे तिचे फोटो होते. उन्हात हात वर करून पास मागणारी कॅप्टन. चिखलात हात वर केलेली कॅप्टन. धुक्यात नुसताच वर आलेला हात. एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "मुलगी ट्रॅफिक पोलिसात का?"

निलंबन हा शब्द तिने बाबांच्या ऑफिसातून उचलला होता. तिथे कुणी ना कुणी कायम निलंबित असायचं. आज हावरट निलंबित झाली की आघाडीची, गोल मारायची जागा मोकळी. ती भरायला कॅप्टन मनाने केव्हाच जाऊन उभी होती.

"बाहेर," सगळ्यात धाकटी खेळाडू म्हणाली. "पण सॉरी हं."

"सॉरी नाही म्हणायचं," कॅप्टन म्हणाली. "वर्तुळात आहेस."

चेंडू शेवटी हावरटकडे आला. तिने तो अलगद थांबवला.

"बोल," कॅप्टन म्हणाली.

"बाहेर," हावरट म्हणाली.

सगळ्या चाट पडल्या. आरोपीनेच स्वतःच्या विरुद्ध मत दिलं होतं. कॅप्टनला थोडं फसवल्यासारखंही वाटलं.

"बरं. आता दे इकडे."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तुझ्या स्टिकवर चेंडू थांबला की मी बाहेर ना? तोवर मी आत." हावरटने जांभई दिली.

मग मात्र वर्तुळाची शिस्त पार कोलमडली. "निर्लज्ज आहेस!" "काढा गं हिच्याकडून!" तिघींनी तिच्यावर धाड घातली. हावरटने तिघींना चकवलं, बाकाला वळसा घातला आणि चेंडूसकट परत आपल्या जागी येऊन उभी राहिली. गोलकीपरने सवयीने टाळ्या वाजवल्या. कॅप्टनने वळून पाहिलं, तेव्हा ती ग्लोव्ह्जवरची धूळ झटकत होती.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सरांनी दारावर थाप मारली. "पोरींनो, आत काय झोपा काढताय? भांडण तुमचं, निकाल तुमचा. मला फक्त बाकावर कोण ते सांगा!"

"ऐकलंस?" कॅप्टन दात ओठ खात म्हणाली. "एक पास दे. जन्मात एक! मागून मागून माझा घसा बसला. इतकं जिवावर येतं तुझ्या?"

"तुला खरंच हवाय?"

"का, घाबरलीस?"

"मी कशाला घाबरू?" हावरट म्हणाली, आणि तिने पास दिला.

पास देखणा होता. फार जोरात नाही, अगदीच हळू नाही. ओळखीचं घर शोधत निघाल्यासारखा तो सरळ कॅप्टनच्या स्टिककडे निघाला. लहान मुलाने डोळे मिटून अडवला असता. कॅप्टनने किती सामने याच चेंडूची वाट पाहिली होती. तिच्या अंगाला या क्षणी करायची एकच गोष्ट माहीत होती, आणि अंगाने ती केली. एक हात स्टिक सोडून ताडकन वर गेला.

"पास!" ती ओरडली.

चेंडू तिच्या स्टिकखालून निघून गेला आणि मागच्या लोखंडी कपाटावर टणकन आदळला.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या आधी कपाटाकडे बघत राहिल्या, मग एकेकीला कॅप्टनचा नियम आठवला आणि त्या कॅप्टनकडे बघायला लागल्या.

"म्हणून देत नाही," हावरट म्हणाली.

तेवढ्यात सरांनी दार ढकलून डोकं आत घातलं. "शेवटचं विचारतोय. आज बाकावर कोण बसतंय?"

कॅप्टनचा हात अजून वरच होता.