मेलेल्याचं हसू

नाकात कापूस घालून विद्याधर निपचित पडला होता. त्याच्या छातीवर डोकं टेकून शैला धाय मोकलून रडत होती. सहा वर्षं मालिकेत ती त्याची बायको होती. "नाटकाचे दौरे की मालिका, एक काय ते ठरवा," असं निर्मात्यानं बजावलं होतं. विद्याधरनं नाटक निवडलं, म्हणून आज मालिकेतले दादासाहेब हार्ट अटॅकनं गेले.

"कट! ओके," दिग्दर्शक ओरडला. "सर, आता कॅमेऱ्याकडे बघून हसा."

रिवाजच तो. प्रेताचं काम केलेला नट हसल्याशिवाय दिवे बंद करायचे नाहीत, नाहीतर अपशकुन होतो. विद्याधर उठून बसला. कापूस काढला. पण ओठ काही केल्या हलेनात. घर चालवणारी मालिका हातची गेली होती, आणि संध्याकाळच्या नाटकाच्या प्रयोगाची निम्मी तिकिटंही अजून खपली नव्हती.

"हसा ना सर," दिग्दर्शक काकुळतीला आला. लाइटवाले एकमेकांकडे बघायला लागले. विद्याधरनं दात दाखवून पाहिले. ते हसू बघून मेकअपवाली मागे सरकली.

शैला अजून पलंगाशीच होती. प्रसंगासाठी कुंकू पुसलेलं तिचं कपाळ लालसर दिसत होतं. ती पुढं वाकली.

"विद्या, संध्याकाळी पहिल्या रांगेत बसणार आहे मी," ती म्हणाली. "चांगलं ठसठशीत कुंकू लावून!"

तेव्हा कुठे विद्याधर असा खदखदून हसला, की दिवे बंद करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.