बरोबर निम्मं

"औषध काम करतंय," डॉक्टरीणबाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "पण निम्मंच. सहा महिने झाले, रक्तातला आकडा दर वेळी बरोबर निम्माच उतरतो. असं होत नाही हो. हे औषध तुमच्या एकटीच्या जनुकांवरून बनवलंय."

थोरलीने पदर सारखा केला. शेजारच्या खुर्चीतली धाकटी आपली नखं बघत बसली. जुळ्या बहिणी, धाकटी ती सात मिनिटांनी. तोच चेहरा, तेच रक्त आणि वडिलांकडून आलेला, हातापायांतली ताकद खाणारा तोच आजार. औषध मात्र एका घरात एकालाच, असा नियम. अर्जावर थोरलीचं नाव पडलं, कारण कुठेही नाव लिहायचं झालं की आधी थोरलीचं, ही घरची सवय.

दुसरी सवय वाटणीची. शाळेत खोडरबरसुद्धा ब्लेडने कापून घ्यायच्या. आता दोघी मिळून गणवेश शिवायच्या. मापात चुकतील तर शपथ. दर सोमवारी ओट्यावर बाटली ठेवून औषध दोन सिरिंजमध्ये भरायच्या, रेघेला रेघ लावून. थेंबभर कमीजास्त नाही. इतक्या इमानाने दोघी मरणाच्या वाटेला लागल्या होत्या आणि त्यांना ते सांगणारं कुणी नव्हतं. सांगणार कोण? विचारायचीच चोरी.

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. काय ते त्यांच्या लक्षात आलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी उठून आधी दार लोटलं.

"मी काही विचारत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फक्त ऐका. अर्ध्या डोसने आजार थांबत नाही, नुसता सावकाश चालतो. त्यात कुणीच वाचत नाही. पूर्ण डोस घेणारी म्हातारी होऊ शकते."

"आणि दुसरी?" धाकटीने विचारलं.

बाईंनी फाईल मिटली. "आजपासून इंजेक्शन इथेच, मशीनवर रक्ताची ओळख पटवून, सिस्टरसमोर घ्यायचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर वरून औषध बंद होईल. माझ्या हातात एवढंच आहे." आणि त्या बाहेर निघून गेल्या.

"तू घे," थोरली म्हणाली.

"वेडी आहेस का? नाव तुझं आहे."

"मशीन नाव कुठे वाचतं? बोटातलं रक्त बघतं. तुझं चालेल त्याला."

"आणि कापड कोण बेतणार? माझ्याने जन्मात जमलं नाही ते."

"शिकशील."

"नाही शिकणार," धाकटी म्हणाली. "मला शिकायचंच नाही."

थोरलीने तिचा हात धरला.

दार उघडलं. सिस्टर आत आली. नवीनच होती, कामाच्या घाईत होती. ट्रेमध्ये एक बाटली, एक सिरिंज आणि बोट टोचायचं छोटं मशीन. तिने मशीन सुरू केलं आणि मान वर करून पाहिलं.

"पेशंट कोण तुमच्यातलं?"

दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"ही."