पिशवीतली टोपडी

"कुठून उचललीस?" महिला पोलिसाने एसटी स्टँडच्या फरशीवर पिशवी उपडी केली. लोकरीची टोपडी विखुरली.

"आमच्या बचतगटाची आहेत, बाई. आम्हीच विणलीत," सुरमा म्हणाली. शहरात प्रदर्शन होतं आणि बस सुटायला आली होती.

"पारध्याची ना तू? तुम्ही कधीपासून विणायला लागलात?"

माणसं जमली. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला असंच चौकशीला नेलं होतं. तो चार महिन्यांनी सुटला. सुरमा खाली बसली, कनवटीची क्रोशाची सुई काढली आणि बोटाला लोकर गुंडाळली. पहिली साखळी दोनदा उसवली. तिसऱ्यांदा जमली. साखळीवर खांबाचे टाके चढत गेले, टोपड्याचा गोल माथा दिसू लागला. गर्दी वाकून बघू लागली.

"बरं, जा आता," पोलीसबाई म्हणाल्या.

सुरमा उठली नाही. "तुम्ही ओतलीत, बाई. तुम्हीच भरा," ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्याने घाबरली.

मग पोलीसबाई वाकल्या आणि एकेक टोपडं झटकून पिशवीत ठेवू लागल्या.