रत्नागिरीचा नंबर
ठाण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या मंदाकिनीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी मिळाली होती. तिच्या मनात जायचं होतं, नवऱ्याचीही ना नव्हती. सासूबाई मात्र म्हणाल्या, “परक्या माणसांशी दिवसभर बोलत बसणार? शाळेतल्या बाई म्हणून मान आहे, तो घालवू नकोस.” दुपारी स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून मंदाकिनीने फुलपात्र कानाला लावलं आणि हळूच म्हणाली, “हॅलो, नंबर प्लीज!” “रत्नागिरीला लागतो का गं फोन?” दारातून सासूबाईंनी विचारलं. मंदाकिनी दचकली. “लागतो ना, आई. कोण हवंय?” “माझा भाऊ.” सासूबाई पाटावर टेकल्या. “दुकानात फोन घेतलाय म्हणे त्याने. आमची आई गेल्यापासून त्याचा आवाज ऐकला नाही.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “अशा भावंडांची गाठ घालणार तू?” “हो, आई.” “मग उद्याच शाळेत सांगून टाक.”