बोथट

अन्वरने सुरीच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि मान हलवली.

"ताई, हाई धार आपोआप मरेल नही."

"मंग?" रंजनाबाईंनी विचारलं.

"कोनी तरी दगडवर घासेल शे. तेबी पातं उभं धरीसन. दखा ना, काठ चपटा व्हयी गया."

दिवाळीपासून रंजनाबाईंच्या घरातल्या सुऱ्या अशाच मरत होत्या. शहाद्याला येऊन अन्वरकडून धार लावून न्यायची, आणि चार दिवसांत तीच सुरी वांग्याच्या सालीवरून घसरायची. आधी त्यांनी अन्वरलाच बोल लावला होता. आता नाव घ्यायला दुसरं कोण उरलं? मुलगा हेमकांत सकाळीच पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात कामाला जायचा. मुलगी रोशनी कॉलेजात. दिवसभर घरात असायची ती सून, मोहिनी.

"माले नवी दे," त्या म्हणाल्या. "तुन्हा दुकानमा सगळ्यास मा भारी व्हई ती."

अन्वरने आतून एक सुरी आणली. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचं पोलाद ठोकून त्याने स्वतः घडवलेली. पातं मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेलं. रंजनाबाईंनी ती बोटावर तोलली. पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे ती तराजूच्या काट्यासारखी स्थिर राहिली. पात्यावर टिचकी मारली, स्वच्छ आवाज आला. वर्तमानपत्राच्या कडेवर टेकवली, तर कागद नुसता दुभंगला.

"हाई स्टेनलेस नही," अन्वर म्हणाला. "कापं का लगेच धुई-पुसी ठेवानी, नही ते गंज धरई. ओटावर नही, लाकडी पाटवरच कापानं. कधी मधी गोडं तेल लावानं. अन जपीसन, ताई. इतली तेज शे, लागी गयी तरी समजाव नही."

"मन्हा जलम गया सुरी धरामा. माले नको शिकाडू."

खोटं नव्हतं ते. लोणखेड्यात कुणाकडेही लग्न असो, कच्च्या केळीच्या काचऱ्या पाडायला रंजनाबाईंनाच बोलावणं यायचं. काचरी डोळ्यापुढे धरली तर पलीकडचा मांडव दिसावा, इतकी पातळ. बोटाला एखादी चिंधी गुंडाळलेली असायचीच. हात चालवणाऱ्या बाईचं ते लेणंच, असं त्या म्हणायच्या.

लोणखेड्याला रिक्षातून उतरून त्या दारात आल्या, तेव्हा मोहिनी त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"आई, चप्पल?"

एका पायात चप्पलच नव्हती. रिक्षात निसटली असणार. "त्या मेल्यानं नीट उतरू तरी दिन्हं का?" असं म्हणून त्या आत गेल्या, पण सुनेची ती नजर त्यांना आवडली नाही. हल्ली ती अशीच बघायची. टपून.

आणि नुसतं बघणं नाही. आंघोळीचं पाणी रंजनाबाईंनी कढत काढलं, की त्यांची पाठ वळताच मोहिनी त्यात गार तांब्या ओतायची. विळी कधीच माळ्यावर गेली होती. चुलीजवळ गेलं की, "राहू द्या, मी करस." एकदा तर, "शहादाले चाला, तपासी येऊ," असंही म्हणाली. धडधाकट बाईला! म्हातारी ठरवायचं, आजारी ठरवायचं, आणि मग कोपऱ्यात बसवायचं. रंजनाबाईंना सगळा डाव स्पष्ट दिसत होता. त्यांचं कशातच लक्ष लागेना. बसल्या की उठावंसं वाटायचं, उठल्या की स्वयंपाकघरात डोकवावंसं वाटायचं.

रविवारी रोशनीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांच्या ताटात काचऱ्या असणार, आणि त्या रंजनाबाईंच्याच हातच्या असणार. त्यांनी नवी सुरी फडक्यात गुंडाळून आपल्या पेटीत, लुगड्यांखाली ठेवली.

रविवारी सकाळी पेटी उघडली. फडकं होतं. सुरी नव्हती.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मागच्या अंगणातून आवाज येत होता. खर्र. खर्र.

धुण्याच्या दगडापाशी मोहिनी उकिडवी बसली होती. तिच्या हातात नवी सुरी होती, आणि ती पातं उभं धरून दगडावर घासत होती. नुकतीच सुरुवात केली असावी. धार अजून उन्हात चमकत होती.

"सापडनी!" रंजनाबाई ओरडल्या. "आज सापडनी तू!"

मोहिनी दचकून उठली. रंजनाबाईंनी झडप घालून सुरी तिच्या हातातून ओढून घेतली आणि मूठ आवळली.

"काय बिघाडं मी तुन्हं? पाहुनासमोर मन्ही फजिती करानी व्हती ना तुले? ह्या घरमा मन्हा हात चालाले नको, आसंच ना?"

आवाज ऐकून हेमकांत धावत आला आणि मागच्या दारापाशीच थबकला.

"माय..." तो म्हणाला.

"तू बोलू नको! आज मी तिन्हा तोंडून ऐकसू."

मोहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती सासूच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती.

"आई, सुरी सोडी द्या. तुमना पाया पडस. हळूच बोटं उघडा."

"सोडसू? तुन्हा हातमा परत देवाले?" रंजनाबाईंनी मूठ आणखी घट्ट केली. "मरी जासू पन मूठ सोडाव नही!"

मोहिनी रडू लागली.

"तुमीन मूठ धरेल नही, आई. पातं धरेल शे."

रंजनाबाईंनी खाली पाहिलं. कोपरावरून रक्ताची धार दगडावर पडत होती, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं.