चालू करेल त्याची

ठोकेमामाने आपल्या गॅरेजात गाडीचं दार खांद्यावर तोलून धरलं होतं, म्हणून त्याला मारामारी सोडवता येत नव्हती.

दार वर उघडणारं. इटलीहून आलेली गाडी, अख्ख्या शहरात एकच. ती काय चारचौघींसारखं दार उघडणार? दार पेलायचा दांडा अजून बसवायचा होता. खांदा काढला की ते कोयत्यासारखं खाली येणार. आत ड्रायव्हरच्या सीटवर थोरला, त्याच्या उरावर धाकटा.

"चावी दे!"

"का? तुझ्या बापाची आहे का गाडी?"

"अरे, दोघांच्याही बापाचीच आहे!" मामा ओरडला. "उतरा खाली, गाढवांनो! सीट नवीन आहे!"

बाप मोठा गंमत्या. गेल्या महिन्यात गेला तो दोघा पोरांना एका वाक्यावर लटकवून: जो चालू करेल त्याची. आणि आज गाडी दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू होणार होती.

मामाला या मारामारीचं फारसं नवल नव्हतं. गाडी पत्र्यापर्यंत खरवडली होती त्यानेच. लाल रंगाखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा; दर मालकाचा एक रंग. हिरव्याखाली पुट्टी, आणि पुट्टीत गोळीचं भोक. सीटखाली एक दात सापडला. तो नेऊन यांच्या बापाला दाखवला, तर बाप खूश! "अरे, हा माझ्या पार्टनरचा! गाडी सोडतच नव्हता मेला." थोडक्यात, ही गाडी आजवर कुणी कुणाला सरळ हाताने दिलीच नव्हती.

थोरल्याने धाकट्याचा कान दातांत धरला. धाकटा किंचाळत मागे सरला. कानाचा तुकडा काही त्याच्याबरोबर आला नाही. पांढऱ्या चामड्यावर रक्ताची पिचकारी उडाली.

"सीट!" मामा कळवळला.

धाकट्याने सीटबेल्ट खेचला, थोरल्याच्या गळ्याभोवती टाकला, दुसरी बाजू स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. मग गाडीबाहेर उडी मारून, चौकटीला पाय लावून मागे रेलला. विहिरीतून बादली ओढावी तसा.

आधी थोरला शिव्या देत होता. मग नुसतीच शिट्टीसारखी हवा. मग तीही नाही. त्याचे बूट पेडलवर आपटत होते. तोंड जांभळं झालं, पण चावीची मूठ काही सुटेना.

"सोड रे! मरतोय तो!"

"चावी सोडू दे आधी!"

"मेल्यावर कशी सोडेल?"

"मग मी काढून घेईन!"

बूट आपटायचे थांबले. धाकट्याचा हात दाराच्या बरोबर खाली होता. मामाने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा त्या जांभळ्या तोंडाकडे. आणि खांदा काढून घेतला.

आवाज झाला तो पत्र्याचा नव्हता, एवढं मामाला ऐकूनच कळलं.

धाकटा गुडघ्यांवर आला. दार वीतभर उघडंच राहिलं होतं. मध्ये त्याचा हात, आणि मनगटाला पट्ट्याचे वेढे. आत थोरल्याने गळ्यातला फास सैल करून डोकं बाहेर काढलं, ओकला, मग फाटक्या भात्यासारखा श्वास ओढला.

"थांबा, कुणी हलू नका. दार उचलतो," मामा वाकला.

थोरल्याने मुठीतली चावी लावून फिरवली.

इंजिन खोकलं, आणि मग असं गरजलं की भिंतीवरचे पाने खाली पडले.

"झाली!" थोरला हसतही होता आणि रडतही. "झाली चालू! माझी झाली!"

"अरे, त्याचा हात अडकलाय!" मामाने काचेवर बुक्क्या मारल्या. "भावाचा हात आहे तो!"

थोरल्याने गिअर टाकला.

गाडी दचके खात गॅरेजबाहेर उन्हात आली. मामा मागून धावला. दाराशेजारून धाकटा वाकड्या अंगाने फरफटत, ठेचकाळत पळत होता. पत्र्यावर रक्ताचा लांब ओघळ उमटत चालला होता. त्याने दाराच्या फटीत तोंड घातलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"दादा, क्लचवरचा पाय काढ! वास येतोय! क्लच जळतोय, दादा, क्लच!"